भिंतीतली जाळी

"विझली का पुन्हा?" आईनं विचारलं.

मी बैठकीच्या खोलीत गालिच्यावर आडवी झाले होते आणि गॅसच्या शेकोटीखालच्या फटीतून आत बघत होते. फोन सोफ्याच्या पायाला टेकवून ठेवला होता, त्यामुळे आईला बहुधा माझे तळवे आणि गाऊनची किनार एवढंच दिसत असावं. फटीत काळोख होता.

"विझली," मी म्हटलं.

"आज कितव्यांदा?"

"सकाळपासून दुसऱ्यांदा."

"पायात मोजे घाल आधी. बाळंतीण आहेस तू, प्लंबर नव्हेस."

मी मोजे घातले. आई विट्यात बसून हुकूम सोडायची आणि मी ग्रिम्सबीत ते पाळायची. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे मासळीचं गाव. मकरंदची नोकरी समुद्रातल्या पवनचक्क्यांवर होती. दोन आठवडे बोटीवर, दोन आठवडे घरी. पोरगी झाली तेव्हा त्याला पंधरा दिवसांची रजा मिळाली. ती संपली तसा तो शुक्रवारी पुन्हा बोटीवर गेला. मी ज्या सोमवारची गोष्ट सांगतेय त्या दिवशी पोरगी एकोणीस दिवसांची होती. बारसं व्हायचं होतं, म्हणून तोवर तिला आम्ही चिमी म्हणत होतो.

चिमी दिवस भरायच्या महिनाभर आधी आली होती. जन्मली तेव्हा दोन किलो शंभर ग्रॅम. पहिल्या आठवड्यात त्यातलेही दीडशे ग्रॅम उतरले. घरी येऊन बाळं तपासणारी जी नर्स असते, ती शुक्रवारी येऊन गेली होती. तिनं भिंतीला एक पुठ्ठ्याचा थर्मामीटर चिकटवला आणि अठराच्या आकड्यावर बोट ठेवलं. "खोली याच्या खाली जाऊ द्यायची नाही. गारठलं की बाळाची सगळी ताकद ऊब धरण्यात जाते, अंग धरायला काही उरत नाही. बुधवारी दुपारी पुन्हा वजन करू. वाढलं नसेल तर चार दिवस हॉस्पिटलात ठेवू."

तेव्हापासून माझं सगळं जग त्या अठराच्या आकड्यावर येऊन थांबलं होतं.

घर भाड्याचं, जुनं, दोन मजली, दोन्ही बाजूंच्या घरांना भिंत लागून असलेलं. बॉयलर म्हणजे स्वयंपाकघरात टांगलेली पांढरी पेटी असते असं मला वाटायचं. या घरातला तो बैठकीतल्या गॅसच्या शेकोटीमागे, धुराड्याच्या कोनाड्यात लपवलेला होता. तो पाणी तापवायचा, ते पाणी घरभरच्या रेडिएटरांतून फिरायचं आणि घर उबदार व्हायचं. या सगळ्याच्या मुळाशी होती करंगळीएवढी निळी ज्योत. ती कायम तेवत राहायची. ती असेल तर बॉयलर पेटणार, ती गेली की सगळं बंद.

घरातल्या बाकीच्या खोड्या मी बाळंतपणाआधीच शिकून घेतल्या होत्या. वरच्या खोलीतला रेडिएटर खाली गरम, वर गार लागला की त्यात हवा अडकलेली असते. मग एका बाजूला चिमुकली चावी लावून ती पाव फेरा फिरवायची, खाली वाटी धरायची. आधी हवा सुस्कारा टाकत बाहेर पडते, मग काळं पाणी उडतं, की चावी बंद. थर्मोस्टॅटची चकती अडकली की तिला टिचकी मारायची. बॉयलरच्या घड्याळाची वेळ पुढंमागं झाली की पहाटेची ऊब दुपारी येते, तेही मला कळलं होतं. पण ज्योत विझणं मकरंद गेल्यावर, शनिवारपासून सुरू झालं.

ती पेटवायचीही रीत होती. गोल बटण आत दाबून धरायचं, दुसऱ्या हातानं ठिणगी पाडायची, निळं दिसलं की वीस आकडे मोजायचे आणि मग बटण अलगद सोडायचं. घाईनं सोडलं तर गेली. मी मोठ्यानं मोजायची. एक, दोन, तीन. त्या चार दिवसांत फोन सोडला तर घरात माझा आवाज तेवढ्यापुरताच निघत होता.

"धरली?" आईनं विचारलं.

"धरली."

"थरथरतेय का?"

मी पुन्हा गाल टेकवला. "थोडी. आणि टोकाला पिवळी दिसतेय."

"मग बरोबर आहे. वारा लागतोय तिला," आई म्हणाली. "अगं, देवापुढचा दिवा का विझतो? कुठून तरी झुळूक येते म्हणून. तू ती जाळी नीट बुजवलीयस ना?"

जाळी आईनंच शोधली होती. मकरंद गेला त्या संध्याकाळी तिनं व्हिडिओवर मला खोलीभर फोन फिरवायला लावला. बाळंतिणीची खोली तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. आमच्या गल्लीत कुणाचंही बाळंतपण असलं की पहिला निरोप आईला जायचा. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं, ओव्याची धुरी, बाळंतिणीचं शेक-शेगडीचं, सगळं तिच्या हातचं. आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी तिला येता आलं नाही. आप्पांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना कुशीवर वळवायलाही तीच लागायची. सासूबाई तर मकरंद शाळेत असतानाच गेल्या होत्या. म्हणून आईनं एक पार्सल पाठवलं, त्यात तेल, काढा, डिंकाचे लाडू आणि दुपट्यांसाठी तिची धुऊन धुऊन मऊ झालेली तीन सुती लुगडी. आणि रोज न चुकता फोन.

"थांब, मागं घे," ती त्या संध्याकाळी म्हणाली होती. "शेकोटीशेजारी खाली ते काय आहे?"

"जाळी आहे. भिंतीत."

"आरपार?"

मी हात लावून पाहिला. समुद्रावरचं गार वारं सरळ तळव्यावर येत होतं. "आरपार."

"आणि तू तिथं गादी टाकून निजतेस? बाळंतिणीच्या अंगात वारा शिरला की जन्मभर कंबर धरून बसावं लागतं. त्या सुताराच्या माईला बघ. आधी बुजव ते."

मी एका लुगड्याचे दोन तुकडे केले आणि जाळीची प्लॅस्टिकची पट्टी काढून आत कोंबले. खोली दहा मिनिटांत बदलली. आकडा सोळावरून एकोणिसावर गेला. मी आईला थर्मामीटर दाखवला, तेव्हा ती जी हसली ना, तसं हसू आप्पा आजारी पडल्यापासून मी पाहिलं नव्हतं.

"बुजवलीय," मी आता म्हटलं.

"मग दुसरीकडून येत असेल. दाराखाली बघ. खिडकीच्या फटी बघ."

दाराखालून खरंच येत होतं. मी दुसरं लुगडं फाडलं. त्याची वळकटी दाराशी लावली, पट्ट्या करून खिडकीच्या चौकटीत सुरीनं दाबून बसवल्या. किल्लीच्या भोकातसुद्धा कापूस घातला. वाकून उठले तर डोकं गरगरलं, कपाळावर कुणी घट्ट पट्टा आवळल्यासारखं.

"डोकं दुखतंय गं दोन दिवस," मी म्हटलं. "मळमळतंही."

"दुखणारच. झोप नाही, त्यात वारा बसलेला. कान बांध. पोरगी काय म्हणतेय?"

"झोपलीय. खूप झोपते. दूध प्यायलाही उठवावी लागते."

"गुणाची आहे," आई म्हणाली. "तू अशी कुठं होतीस. सगळी गल्ली जागी ठेवायचीस."

फोन ठेवल्यावर मी घरमालकांना, मिस्टर प्रेस्टनना, लावला. हा दुसरा फोन. पहिला मी रविवारी केला होता.

"वारा असला की जुन्या शेकोट्या विझतात," ते म्हणाले. "बटण दाबून वीस आकडे मोजता ना?"

"मोजते. तरी विझते. घरात तान्हं बाळ आहे, मिस्टर प्रेस्टन."

"माणूस पाठवतो. बुधवारी सकाळी."

"आज नाही का?"

"आज सगळ्या गावाचाच बॉयलर विझलाय," ते म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

मंगळवारी ज्योत पाच वेळा विझली. मी दूध पाजायची, चिमीला खाली ठेवायची, आडवी होऊन फटीतून बघायची. निळा ठिपका दिसला की जीव भांड्यात पडायचा. दिसला नाही की बटण, ठिणगी, एक, दोन, तीन. दुपारी दुपटी वाळत घालायला मागच्या अंगणात गेले आणि तिथं उभी राहिले. डोक्याचा पट्टा सैल झाल्यासारखा वाटला. कान न बांधता, गार वाऱ्यात. मला स्वतःचाच राग आला. पोरगी आत एकटी आणि मी इथं बाहेर बरं वाटतंय म्हणून उभी. मी आत येऊन दाराची वळकटी नीट लावली.

शेजारच्या भिंतीपलीकडे रेडिओ चालू होता. माणसं बोलत होती, हसत होती. सहा महिने त्या घराला भिंत लागून राहत होते पण तिथं कोण राहतं हे मला माहीत नव्हतं. एकदा वाटलं, जाऊन दार वाजवावं. पण काय सांगायचं? माझी ज्योत विझतेय म्हणून?

संध्याकाळी मकरंदचा फोन लागला. मागं यंत्रांची घरघर होती.

"बॉयलर कसा आहे?"

"चालवतेय मी."

"तेजू, तू ग्रेट आहेस. मी असतो तर एव्हाना शेजारी जाऊन झोपलो असतो."

"उद्या माणूस येतोय. तू कामाकडे लक्ष दे."

मी हे नेहमी म्हणायची. चालवतेय. निघताना तो दारात दहा मिनिटं घुटमळला होता, तेव्हा मीच त्याला जवळजवळ ढकलून घालवला होता. त्यामुळे आता तक्रार करायची सोय नव्हती.

बुधवारी सकाळी दहापर्यंत ज्योत तीनदा विझली. तिसऱ्यांदा पेटवताना बाराच्या पुढचा आकडाच आठवेना. मी पुन्हा एकपासून सुरू केलं. चिमीनं पहाटेचं दूध उलटून टाकलं होतं आणि नंतर प्यायलाच तयार नव्हती. तोंडाशी घेतलं की ओठ नुसते हलायचे. दुपारी वजन होतं. मी तिचे तळवे चोळत होते आणि तिच्याशी बोलत होते, "एवढं पी, सोन्या. पन्नास ग्रॅम दाखवू त्यांना. पन्नासच." थर्मामीटर वीस दाखवत होता. खोली उबदार होती. मी सांगितलेलं सगळं केलं होतं.

घंटी वाजली.

दारात पन्नाशी उलटलेली बाई होती. रुंद खांद्यांची, डोक्यावर लोकरी टोपी, हातात अवजारांची पेटी. मला वाटलं, घर चुकली.

"मॉरीन," ती म्हणाली. "बॉयलरसाठी. कुठं आहे, डक?"

तिकडे अनोळखी माणसालाही लाडानं डक म्हणतात, म्हणजे बदक. पहिल्यांदा एका मासेवाल्यानं म्हटलं तेव्हा मी घरी येऊन आरशात पाहिलं होतं.

मी तिला आत नेलं. बैठकीचं दार उघडताना लुगड्याची वळकटी अडली. तिनं पायानं ढकलली. दोन पावलं आत आली आणि थांबली. खिडकीच्या पट्ट्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"डोकं दुखतंय का तुझं?"

"बाळंतपणामुळं. झोप नाही."

"कधीपासून?"

"शनिवार."

तिच्या कमरेला एक छोटं यंत्र होतं. तेवढ्यात ते टिटवीसारखं ओरडायला लागलं. तिनं ते बघितलंही नाही. सरळ शेकोटीशी गेली, एका फटक्यात गॅस बंद केला आणि म्हणाली, "बाळाला उचल आणि बाहेर जा."

"बाहेर तीन डिग्री आहे."

"माहीत आहे. जा."

"तिला थंडी लागली तर तिचं वजन..."

"बाळा," ती म्हणाली. या वेळी डक नाही. "वजन नंतर. आत्ता जा."

मी दुलईसकट चिमीला उचलून रस्त्यावर आले. पायांत सपाता होत्या. मागून खिडक्या उघडल्याचा धाड्धाड् आवाज आला, मी फटीत बसवलेल्या पट्ट्या बाहेर उडाल्या. मला रडू फुटलं ते रागानं. चार दिवस जपलेली सगळी ऊब ती बाई दोन मिनिटांत रस्त्यावर सांडत होती.

मग ती आली, मला तिच्या व्हॅनमध्ये बसवलं, हीटर लावला, फोनवर कुणाशी तरी बोलून आमचा पत्ता दिला. तिच्या हातात लुगड्याचे दोन गोळे होते. शेकोटीच्या बाजूनं ते काळवंडले होते.

"हे जाळीत कुणी घातलं?"

"मी."

"का?"

मी तिला कसं सांगणार? माझ्याजवळ तेवढी इंग्रजी नव्हती, आणि असती तरी. मी म्हटलं, "वारा येत होता. आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत."

तिनं मान हलवली. हसली नाही, त्याचं मला अजून बरं वाटतं.

"ही जाळी वाऱ्यासाठीच ठेवलेली असते, डक. या जुन्या बॉयलरला जळायला खोलीतली हवा लागते. बाहेरून नवी आली नाही, तर तो अर्धवट जळतो आणि विषारी वायू धुराड्यातून वर न जाता खोलीत पसरतो. त्याला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. बस एवढंच."

"पण ज्योत विझत होती," मी म्हटलं. "वारा लागून विझत होती. म्हणून मी आणखी बुजवलं."

मॉरीननं ते दोन्ही गोळे पायाशी टाकले.

"वाऱ्यानं नाही विझत ती. खोलीतली हवा खराब झाली की स्वतःहून जाते. तशीच बनवलेली असते. आपण जाते, म्हणजे बॉयलरही बंद पडतो. किती वेळा पेटवलीस तू?"

मी बोटांवर मोजलं. शनिवारी एकदा, रविवारी दोनदा, सोमवारी दोनदा, मंगळवारी पाच, आज तीन. "तेरा."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या नखांत काजळी होती. रुग्णवाहिका येईपर्यंत तिनं तो हात काढला नाही.

हॉस्पिटलात आमचं दोघींचं रक्त काढलं. मला नाकातोंडावर मास्क लावला आणि चिमीला इतका छोटा लावला की तो भातुकलीतला वाटत होता. सहा तास. दोन तासांनी तिनं डोळे उघडले आणि रडायला लागली. गल्ली जागी करणारं रडणं. नर्स पळत आली, मी तिला म्हटलं, "राहू दे. रडू दे तिला." वजन केलं तेव्हा ते वाढलेलं नव्हतं, पण डॉक्टर म्हणाल्या की आता वाढेल, आता ती पिईल. चार दिवस त्यांनी आम्हाला ठेवून घेतलं. मकरंदला बोटीवरून यायला समुद्र शांत होईपर्यंत थांबावं लागलं, दोन दिवस.

त्या बुधवारी दुपारीच आईचा फोन आला तो नेहमीच्या वेळी, तिकडे रात्रीची जेवणं झाल्यावर. मी कॅमेरा लावला नाही. मास्क बाजूला केला.

"आला का माणूस?"

"आला होता. बाई होती."

"अगं बाई. काय म्हणाली?"

"बॉयलर जुना आहे म्हणाली. बंद केला. विजेचे हीटर देणार आहेत."

"म्हणजे तुझी काही चूक नव्हती."

"नाही."

"आणि जाळी? ती बघून काय म्हणाली? बुजवलीस ते बरं केलंस म्हणाली असेल."

पलीकडे आप्पांना ठसका लागल्याचं ऐकू आलं. आईनं "आले, आले" म्हटलं, पण फोन ठेवला नाही. तिला उत्तर हवं होतं. तिला येता आलं नव्हतं. पाच हजार मैलांवरून तिला माझ्यासाठी जे करता येण्याजोगं होतं, ते म्हणजे ती जाळी शोधून काढणं.

"हो," मी म्हटलं. "तसंच म्हणाली."

"बघ," आई म्हणाली.

मकरंद आल्यावर त्याला मी सगळं सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "आईंना सांगायला हवं." मी म्हटलं, "नाही. कधीच नाही." हा आमच्यातला ठराव झाला. आम्ही घर बदललं. चिमीचं नाव मुक्ता ठेवलं. आता ती सात वर्षांची आहे, आणि तिला जेवायला बसवणं हे अजूनही माझं रोजचं युद्ध आहे. पण ते वेगळं.

त्या हॉस्पिटलातल्या "हो"बद्दल मी फारसा विचार केला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली. नंतर आईशी बोलताना मी दरवाजा लोटल्यासारखी बोलायला लागले. मुक्ता पडली, मुक्ताला ताप आला, सगळं बरं झाल्यावर सांगायची. तिनं काही सुचवायच्या आतच "केलंय, केलंय" म्हणायची. रोजचा फोन दोन दिवसांनी झाला, मग आठवड्यानं. आईनं कधी विचारलं नाही. आप्पा गेले त्या वर्षी मी पंधरा दिवस घरी राहून आले, तेव्हासुद्धा आम्ही दोघी पाहुण्यांसारख्या गोड वागत होतो.

मग गेल्या हिवाळ्यात माझ्या भावाची, रणजितची बायको अश्विनी बाळंत झाली. तिचे आईवडील दोघंही थकलेले, म्हणून बाळंतपण आईनं विट्यातच केलं. मी रविवारी सकाळी फोन लावला, तिकडे दुपार झाली होती. आईचा आवाज कित्येक वर्षांनी तरणा झाला होता.

"मुलगी आहे, तीन किलोची. आत्ताच न्हाऊ घालून धुरी दिली. आता अश्विनीचं पाणी काढलंय."

"बंबात?"

"बंब कुठला आता. रणजितनं गॅसचा गिझर लावलाय मोरीत. चावी सोडली की कढत पाणी. पण मोरीची खिडकी कशी ठेवलीय बघ, वरच्या दोन काचाच नाहीत. सरळ पाठीवर वारा. मी गोणपाट ठोकून घेतलं रणजितकडून. दारालाही पडदा लावलाय."

माझ्या हातात पोळी लाटण्याचं पीठ होतं. ते तसंच राहिलं.

"आई, गिझर मोरीतच आहे? आत?"

"हो, भिंतीला. अश्विनी कुरकुरतेय. म्हणते, कालपासून आंघोळ करून आलं की डोकं चढतं."

"आई, ते गोणपाट काढायला सांग. आधी."

"काढू? सव्वा महिना तरी..."

"गॅसचा गिझर असला की खिडकी उघडी लागते. सगळीकडे सांगतात. पेपरात येतं."

"पेपरवाल्यांनी किती बाळंतपणं केलीत?" आई हसत म्हणाली. मग बाजूला कुणाला तरी, बहुधा अश्विनीला, म्हणाली, "ऐक, वन्संचा फोन आहे. अगं, हिनं तिकडं बर्फात एकटीनं काढलं बाळंतपण. मी इथनं सांगत होते आणि ती एकेक फट बुजवत होती. झालं का काही तिला? पोर कशी टुणटुणीत आहे." आणि परत मला, "तूच सांग हिला. माझं ऐकत नाही. जा गं तू, पाणी निवतंय."

"तिला थांबव," मी म्हटलं.

"का?"

"आई, तिला मोरीत जाऊ देऊ नकोस. मला झालं होतं."

"काय झालं होतं?"

"मी जाळी बुजवली म्हणून बॉयलरचा विषारी वायू खोलीत भरला होता. तुला मी खोटं सांगितलं. त्या दिवशी मी हॉस्पिटलातनं बोलत होते. मुक्ता दूध प्यायची बंद झाली होती. ती बाई आणखी थोड्या वेळानं आली असती तर..." पुढचं मला म्हणता आलं नाही. सात वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, मकरंदपाशीसुद्धा.

आई ओरडली, पण माझ्यावर नाही. "अश्विनी. माघारी ये. गिझर बंद कर आणि बाहेर ये." फोन कुठंतरी आपटल्यासारखा ठेवला गेला. पावलं. रणजितचा आवाज, "काय झालं?" आईचा, "नंतर. आधी ते काढ." लाकडी फळीतून खिळा उपटल्याचा आवाज, मग दुसरा.

मी ओट्याशी उभी राहिले. मुक्ता बाहेर सायकलवरून फेऱ्या मारत होती, घंटी वाजवत.

बऱ्याच वेळानं आईनं फोन उचलला. तिला धाप लागली होती.

"बाहेर आलीय अश्विनी. अंगणात बसवलीय उन्हात." थोडं थांबून ती म्हणाली, "ठीक आहे ती. रणजित उद्या गिझर बाहेर काढून घेईल."

"हं."

"तेजू."

"हं."

"हॉस्पिटलात किती वेळ होतीस?"

"मास्क सहा तास. मग चार दिवस."

"जवळ कोण होतं?"

मला सांगता आलं असतं की नर्स होत्या, डॉक्टर होत्या, मॉरीन संध्याकाळी द्राक्षं घेऊन आली होती.

"कुणी नव्हतं," मी म्हटलं.

आईचा श्वास ऐकू येत होता, खिळे उपटून आल्यावरचा, मोठा मोठा. मला वाटलं आता ती म्हणेल, मला का नाही सांगितलंस. किंवा म्हणेल, मीच मारत होते की गं तुम्हाला. मी फोन ठेवायचं काहीतरी निमित्त शोधायला लागले, मुक्ताचं, पोळ्यांचं.

"ठेवू नकोस," आई म्हणाली.

मी फोन कानाशी धरला आणि खुर्ची ओढून बसले.